आतडं अडकलंय आणि आत गाठ निघाली, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनपर्यंत कसं पोचायचं

आईचं पोट फुगलं ती रात्र गुरुवारची. जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव, मी बेळगावात शहापूरला राहते. साडेनऊला भावाचा फोन आला की आईला चार दिवस संडास झाली नाही, सकाळपासून वारा पण सरला नाही, मुरडा येऊन कळ जातेय आणि परत येतेय आणि आता हिरवट उलटी झाली. आई ६३ वर्षांची. तीन महिने झाले तिचं पोट नीट नव्हतं, कधी खडा, कधी पातळ, मध्येच रक्त दिसायचं, आणि मूळव्याध आहे म्हणून एका डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं चूर्ण आणि मलम दिलेलं. पोटाला हात लावून, मागून बोट घालून कुणी तपासलंच नव्हतं. ते चूर्ण ती त्या रात्री पण घेणार होती, भावानं नशिबानं आधी मला विचारलं.

आज आईला बरं आहे म्हणून हे लिहायला बसले. आमच्या भागातल्या किमान दहा जणांनी मला आतापर्यंत हेच विचारलंय, की आतड्याच्या कॅन्सरनं आतडं बंद पडलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन होतं का, का पोट फाडावंच लागतं. होतं. पण बहुतेक वेळा त्याच रात्री नाही. आधी आतडं मोकळं करायचं, माणूस सावरू द्यायचा, मग ठरवून दुर्बिणीनं गाठ काढायची. हा क्रम कळला की पुढचं सगळं कळतं, आणि डॉक्टरांशी काय बोलायचं ते पण कळतं.

घरात पहिल्या तासात काय करायचं

संडास बंद आणि गॅस पण बंद, पोट ढोलासारखं ताणलेलं, कळ येऊन जाऊन, उलटी, यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की तोंडातून काहीही द्यायचं बंद. पाणी, लिंबूपाणी, सोडा, काही नाही. एरंडेल, चूर्ण, जुलाबाची गोळी अजिबात नाही. घरी एनिमा नाही. आणि आमच्याकडं अजून करतात ते म्हणजे वायगोळा उठलाय म्हणून तेल लावून पोट चोळणं, तेही नाही. आत वाट बंद असताना मागून जोर लावला तर आतडं फुटायची भीती असते.

का ते सांगते, मला एका रेसिडेंट डॉक्टर मुलीनं कागदावर चित्र काढून दाखवलेलं. लहान आतडं मोठ्या आतड्याला उजव्या कुशीत खाली मिळतं, तिथं एक झडप असते, एका बाजूनंच उघडणारी. डावीकडं पुढं गाठीनं वाट बंद केली आणि मागं ती झडप पण घट्ट असली की मधलं मोठं आतडं दोन्हीकडून बंद पडतं आणि फुगतच जातं. सगळ्यात जास्त ताण उजवीकडच्या सुरुवातीच्या पिशवीवर येतो कारण तिथलं आतडं मुळात रुंद आणि भिंत पातळ. ती पिशवी १२ सेंटीमीटरच्या आसपास गेली की फुटायचा धोका फार वाढतो. आईची सीटीत ९ होती. म्हणून उजव्या कुशीत एका जागी दुखायला लागलं, ताप आला, नाडी जोरात धावायला लागली, पोट फळीसारखं कडक झालं, तर सकाळची वाट बघायची नाही.

कुठं न्यायचं हे गाडीत बसण्याआधी ठरवा. रात्री सीटी होतं का, आणि पोटाचे सर्जन रात्री येतात का, हे दोन प्रश्न फोनवर विचारून घ्या. यातलं एक जरी नसलं तर तिथं थांबण्यात तीन-चार तास जातात आणि मग परत तिथून पुढं पाठवतातच. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणी, चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, कणकुंबीच्या बाजूचे लोक चोर्ल्यातून गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पण जातात, पण पावसाळ्यात रात्री तो घाट पेशंटला घेऊन उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १०८ ला फोन करताना नुसतं पोटात दुखतंय म्हणू नका, आतडं अडकल्यासारखं वाटतंय, उलट्या होतायत, असं सांगा. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, रेशन कार्ड, आधार एका पिशवीत घाला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, ॲस्पिरिन किंवा दुसरी, तर ती शेवटची कधी घेतली हे कुणीतरी लक्षात ठेवा, तिथं पहिल्या पाच मिनिटांत विचारतात.

हॉस्पिटलात पहिली रात्र

नाकातून नळी घालतात, रायल्स ट्यूब म्हणतात ती. पेशंटला त्याचा फार त्रास होतो आणि घरचे डॉक्टरांना काढा काढा म्हणतात. काढायला लावू नका. त्या नळीतून आईचं जवळजवळ दीड लिटर हिरवं पाणी निघालं आणि उलटी थांबली. सलाईन, लघवीची नळी, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, ॲंटिबायोटिक, हे सगळं आधी. उलट्या आणि फुगलेल्या आतड्यात शरीरातलं इतकं पाणी आणि मीठ अडकून राहतं की ते भरून काढल्याशिवाय भूल देणं धोक्याचं असतं. म्हणून लगेच ऑपरेशनला का घेत नाहीत म्हणून भांडायला जाऊ नका, ते तीन-चार तास वाया जात नसतात.

मग सीटी स्कॅन, शिरेतून औषध देऊन. त्यातून गाठ कुठं आहे, आतडं किती फुगलंय, कुठं फुटलंय का, लिव्हरमध्ये काही पसरलंय का ते कळतं. आईची गाठ सिग्मॉइडमध्ये होती, म्हणजे डावीकडं खाली, इंग्रजी एस सारखं वळण असतं तिथं. डावीकडच्या गाठी जास्त करून आतडं अडवतात कारण तिथं पोचेपर्यंत मळ घट्ट झालेला असतो. उजवीकडच्या गाठी बऱ्याचदा गुपचूप रक्त गाळत राहतात, माणूस नुसता फिका पडतो, दम लागतो, आणि लोक टॉनिक देत बसतात.

एक गोष्ट इथंच विचारून ठेवा. कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मागून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासायचं त्यासाठी, पोट साफ करायचं पावडरीचं पाणी देतात ना दोन-तीन लिटर, ते पूर्ण अडकलेल्या पेशंटला देत नाहीत. ड्युटी बदलते, कागदावर पूर्वीचं काहीतरी लिहिलेलं राहतं, म्हणून कुणी ते प्यायला आणून दिलं तर एकदा डॉक्टरांना विचारून मगच द्या.

आता खरा निर्णय

इथं तीन वाटा असतात, आणि तिन्ही तुम्हाला नीट समजल्या पाहिजेत, कारण सही तुमची असते.

पहिली वाट म्हणजे त्याच रात्री ऑपरेशन, गाठ काढून टाकायची. आतडं फुटलं असेल, काळं पडायला लागलं असेल, बीपी पडत असेल तर हीच वाट, आणि तिथं दुर्बिणीचा हट्ट धरायचा नाही. पोट उघडून गाठ काढतात, वरचं टोक पोटावर आणून मळ गोळा करायची पिशवी लावतात आणि खालचं टोक आत बंद करून ठेवतात, याला हार्टमनचं ऑपरेशन म्हणतात, हार्टमन या फ्रेंच सर्जननं १९२१ मध्ये सांगितलेली पद्धत, आजही जीव वाचवते. उजवीकडची गाठ असली तर मात्र बऱ्याचदा पहिल्याच फेरीत उजवा भाग काढून लहान आतडं पुढच्या आतड्याला थेट जोडता येतं, पिशवीची गरज पडत नाही.

दुसरी वाट स्टेंट. हार्टमधला स्टेंट लोकांना माहीत असतो, हा तसाच पण मोठा, धातूच्या जाळीचा. मागच्या बाजूनं दुर्बीण घालून गाठीतून आधी बारीक तार पलीकडं नेतात आणि तिच्यावरून ही जाळी सोडतात, ती एक-दोन दिवसांत हळूहळू फुलते आणि वाट उघडते. भूल द्यावी लागत नाही, झोपेचं इंजेक्शन पुरतं. शेजारच्या बेडवर निपाणीकडचे एक काका होते, त्यांना सकाळी स्टेंट बसवला आणि दुपारपर्यंत त्यांचं पोट निम्म्यावर आलं, काकूंना रडू आवरेना. त्यांना पुढं ठरवून दुर्बिणीनं ऑपरेशन झालं आणि पिशवी लागलीच नाही. पण स्टेंटमध्ये आतडं फुटायचा धोका असतो, शंभरात काही जणांना होतं, आणि फुटलं तर कॅन्सरच्या पेशी पोटात सांडायची भीती, म्हणून बरा होण्यासारखा कॅन्सर असलेल्याला स्टेंट घालायचा का यावर डॉक्टर लोकांत बरीच वर्षं वाद होता. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेनं २०२० च्या मार्गदर्शनात असं म्हटलं की डाव्या बाजूच्या, बऱ्या होण्यासारख्या गाठीत स्टेंट हा एक पर्याय म्हणून पेशंटशी बोलून ठरवावा, आणि स्टेंटनंतर साधारण दोन आठवड्यांनी गाठ काढावी. ज्यांनी असे स्टेंट बरेच घातलेत त्यांच्याकडूनच घालून घ्या, आणि त्या वेळी सर्जन हाताशी असले पाहिजेत. गुदद्वाराच्या अगदी जवळच्या गाठीला स्टेंट घालत नाहीत, तिथं सारखी कळ आणि मळावर ताबा न राहणं असा त्रास होतो.

तिसरी वाट आमच्या वाट्याला आली. आईच्या गाठीतून तार पलीकडं जाईना, वळण फार तीव्र होतं. अर्धा तास प्रयत्न करून डॉक्टर थांबले, आणि थांबले ते फार चांगलं केलं. मग पोटावर वरच्या बाजूला छोटा छेद घेऊन आडव्या आतड्याचा एक फास बाहेर आणला, त्याला तोंड पाडलं आणि पिशवी लावली. गाठीला हातच लावला नाही. पाऊण तासाचं काम. संध्याकाळी पिशवी भरली, दोनदा, आणि आई तीन दिवसांनी पहिल्यांदा म्हणाली, "आता श्वास घ्यायला येतंय बघ."

मग तुम्ही सर्जनना काय विचारायचं. आतडं फुटलेलं आहे का किंवा फुटायच्या बेतात आहे का, हे आधी. नसेल तर, आधी मोकळं करून दोन-तीन आठवड्यांनी दुर्बिणीनं करता येईल का, आणि मोकळं करायला स्टेंट बरा का वरची पिशवी, आणि तुम्ही अडकलेल्या आतड्याच्या पेशंटची दुर्बिणीची ऑपरेशनं करता का, किती केलीत. शेवटचा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. मी विचारला, सर्जन रागावले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. आणि भाषेचं, फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, बेळगावात मराठी समजणारं कुणी ना कुणी वॉर्डात असतंच, सही करायच्या आधी त्यांना बोलावून प्रत्येक ओळ मराठीत समजून घ्या.

लगेच दुर्बिणीनं का नाही, याचं उत्तर जागेत आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखी जागा करतात. आतडीच फुगून पोटभर झालेली असली तर तंबूला जागा कुठून येणार, आणि ताणलेलं पातळ आतडं बारीक चिमट्यांनी धरताना फाटतं. अमेरिकेत आणि कॅनडात दुर्बीण विरुद्ध पोट उघडून अशी ८७२ पेशंटची तुलना झाली, २००४ मध्ये निकाल छापून आला, कॅन्सर परत यायचं प्रमाण दोन्हीत सारखंच निघालं, आणि तेव्हापासून दुर्बिणीवर जगभर भरवसा बसला. पण त्या तुलनेत आतडं अडकलेले पेशंट घेतलेच नव्हते. म्हणून अडकलेल्या पेशंटमध्ये सर्जनचा हात आणि अनुभव जास्त मोलाचा, आणि आतडं आधी रिकामं करून त्या ८७२ जणांसारखी साधी परिस्थिती निर्माण करणं हाच शहाणपणा.

मधले दोन-तीन आठवडे

हे दिवस नुसते वाट बघण्यात घालवू नका, ऑपरेशन कसं पार पडतं ते अर्धं इथं ठरतं. आईचं हिमोग्लोबिन ८ होतं, गोळ्यांनी इतक्यात चढणार नव्हतं, म्हणून शिरेतून लोह दिलं. प्रोटीन वाढवायला सांगितलं, ती अंडी खाते म्हणून रोज दोन, ताक, दही, मुगाचं वरण, मऊ भात, नाचणीची आंबील गाळून. स्टेंट असलेल्या पेशंटनं चोथ्याचं खायचं नाही, जाळीत अडकतं. निपाणीच्या काकांना स्वच्छ सांगितलेलं की पालेभाजी, मक्याचं कणीस, साली, बिया बंद. आमच्या खानापूर बाजूच्यांनी यात फणस, काजू, अळंबी आणि बांबूचे कोंब पण धरावेत, पिशवीवाल्यांनी सुद्धा सुरुवातीला. पावसाळ्यात घरोघरी तेच शिजतं आणि प्रेमानं आग्रह होतो.

आई ४० वर्षं मिश्री लावायची. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ती बंद करायला लावली आणि तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं दिलं, श्वास ओढून गोळ्या वर धरायच्या. पहिल्या दिवशी एकच गोळी हलली. रोज दर तासाला दहा वेळा, असं करत ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन पूर्ण वर आणि तिसरी थरथरत होती. तेवढंच चालणं पण, गच्चीत वीस मिनिटं सकाळ-संध्याकाळ, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

कागदाचं काम याच दिवसांत उरका. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. इमर्जन्सीला रेफरल लागत नाही, पण पुढचं ठरवून केलेलं ऑपरेशन खासगीत करायचं तर बऱ्याचदा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र मागतात, आणि आमचं तेच अडलं होतं, दोन दिवस गेले. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव एकसारखं आहे का बघा, आपल्याकडं एकावर माहेरचं, एकावर सासरचं असतं, कन्नडमधून इंग्रजीत करताना स्पेलिंग बदलतं. आतडं जोडायचा स्टेपलर पॅकेजमध्ये धरलाय का वेगळा घ्यायचा, हे तोंडी नको, लिहून घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना द्यायचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं, तेव्हा कोल्हापूर, मिरजेला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी फोन करून कागद विचारून घ्या, तिथं पोचल्यावर नको.

ऑपरेशनच्या दिवशी आत काय चालतं

अठराव्या दिवशी आईचं ऑपरेशन झालं, साडेतीन तास. पूर्ण भूल. पोटावर पाच भोकं, सगळ्यात मोठं १२ मिलिमीटरचं, बाकीची ५. गॅसचा दाब १२ ते १५ मिलिमीटर पारा. डोकं खाली, पाय वर असं टेबल तिरकं करतात म्हणजे लहान आतडी आपोआप छातीकडं सरकतात आणि सिग्मॉइड समोर दिसतो. गाठीला रक्त देणारी मोठी शीर मुळाशी क्लिप लावून कापतात, कारण कॅन्सर ज्या लसिकाग्रंथींतून, लिम्फ नोड म्हणतात त्यांतून, पसरतो त्या या शिरेच्या कडेनं माळेसारख्या असतात, शीर मुळाशी घेतली तर माळ पूर्ण येते. गाठीच्या दोन्ही बाजूंनी साधारण ५ सेंटीमीटर चांगलं आतडं धरून कापतात. मग खाली ओटीपोटावर पाच-सहा सेंटीमीटरचा एकच छेद, त्याला प्लॅस्टिकची बाही लावतात म्हणजे गाठ जखमेला घासणार नाही, आणि त्यातून तुकडा बाहेर. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटाला छेदच नाही असं लोकांना वाटतं, तसं नाही, हा छेद असतोच.

जोडणी गोल स्टेपलरनं, तो मागच्या वाटेनं घालतात. आणि जोड घट्ट झालाय का हे कसं बघतात ते सर्जननी सांगितलं ते मला फार आवडलं. ओटीपोटात पाणी भरतात आणि मागून आतड्यात हवा सोडतात, बुडबुडे आले तर जोड गळतोय. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात अगदी तसंच. आईचे बुडबुडे आले नाहीत. तरी वरची पिशवी त्यांनी तशीच ठेवली, जोड भरेपर्यंत मळ तिकडून जाऊ नये म्हणून.

मध्येच पोट उघडावं लागलं तर घाबरू नका आणि सर्जनना दोष देऊ नका. गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असते, रक्त थांबत नाही, दिसत नाही, तेव्हा उघडणारा सर्जन पेशंटचं भलंच करतो. संमतीपत्रात ती ओळ असते, ती समजून सही करा. रोबोटनं करणारी हॉस्पिटलं आहेत, खर्च बराच जास्त, त्यासाठी कर्ज काढू नका, साध्या दुर्बिणीनं कॅन्सर तितकाच नीट निघतो.

पिशवीची जागा, आणि हे कुणी सांगत नाही

ऑपरेशनच्या आधी पिशवीची जागा पेननं खूण करून ठेवायला सांगा, आणि झोपवून नव्हे. आईची पहिली पिशवी इमर्जन्सीत लागली म्हणून ते झालं नाही, जागा वर आली होती म्हणून निभावलं. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, बघणाऱ्या सिस्टरनी पर्यायी खूण केली, आणि त्यांनी आईला काय करायला लावलं तर लुगडं नेसून या म्हणाल्या. मग उभं राहायला, खुर्चीत बसायला, आणि शेवटी जमिनीवर मांडी घालून बसायला लावलं. मांडी घातल्यावर पोटाला जी घडी पडली ती नेमकी सिस्टरनी आधी केलेल्या खुणेवरून जात होती. घडीत पिशवी बसली की चिकटपट्टी सुटते, गळते. निऱ्या खोचायची जागा पण टाळायची, पुरुषांची धोतराची गाठ किंवा पट्टा टाळायचा. तिथनं चार बोटं वर नवीन खूण झाली. आपली बायामाणसं दिवसभर जमिनीवर बसून भाजी चिरतात, जेवतात, विळी धरतात, त्यांची खूण कॉटवर झोपवून करू देऊ नका.

रोजचं असं. आतड्याचं ते तोंड लालसर, ओलं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं दिसलं पाहिजे, हात लावला तर दुखत नाही, पुसताना टिपूसभर रक्त आलं तर चालतं. जांभळं-काळं दिसलं तर त्याच तासाला हॉस्पिटल. पट्टीचं भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा, जास्त मोठं कापलं तर मळ कातडीला लागून ती सोलते. पहिले सहा-सात आठवडे तोंड आकसत जातं, म्हणून दर आठवड्याला माप परत घ्या. कातडी साध्या पाण्यानं धुवायची, तेल-पावडर-डेटॉल नको, पट्टी चिकटत नाही. पिशवी तिसरा भाग ते अर्धी भरली की रिकामी करा, ओझ्यानं सुटते. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, पिशव्यांची आणि माहितीची मदत होते. पिशवीतून पातळ पाणी जास्त जायला लागलं, जीभ कोरडी पडली, चक्कर आली तर नुसतं पाणी पाजू नका, ओआरएस द्या आणि दवाखान्यात फोन करा. लहान आतड्याच्या पिशवीला हे जास्त सांभाळावं लागतं.

आईनं पहिला आठवडा पिशवीकडं बघितलंच नाही. भाऊ बाहेर जायचा, मी बदलायचे. आठव्या दिवशी तिनं माझ्या हातातली कात्री घेतली, भोक स्वतः कापलं आणि म्हणाली, "माप तुझं चुकतंय."

ऑपरेशननंतर

त्याच संध्याकाळी घोटभर पाणी, दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. खांदे दुखले म्हणून आम्ही हार्टचं काहीतरी झालं म्हणून घाबरलो होतो, तो आत राहिलेल्या गॅसचा परिणाम असतो, दोन-तीन दिवसांत जातो. च्युइंगगम चघळायला दिलं, आतडी लवकर जागी व्हावीत म्हणून. पोटात टोचायचं रक्त पातळ करायचं इंजेक्शन कॅन्सरच्या पेशंटला बऱ्याचदा घरी गेल्यावरही चार आठवड्यांपर्यंत चालतं, कंटाळून सोडू नका. तिसऱ्या ते आठव्या दिवसात ताप, नाडी वाढणं, पोट परत फुगणं, नीट होत असलेलं माणूस अचानक निस्तेज दिसणं, हे जोड गळायचं लक्षण असू शकतं, घरी असाल तर तडक परत.

दहा-बारा दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट येतो. त्यात लसिकाग्रंथी किती तपासल्या तो आकडा बघा, किमान १२ पाहिजेत. आईच्या १७ पैकी एकीत कॅन्सर निघाला, म्हणजे तिसरी स्टेज, म्हणून केमो. ग्रंथी कोऱ्या आल्या तरी आतडं अडकलेलं असणं हीच धोक्याची खूण धरतात, म्हणून दुसऱ्या स्टेजला पण केमोबद्दल विचारायचं. एमएमआर नावाची तपासणी त्याच तुकड्यावर होते, ती लावली नसेल तर मागा, केमो कोणती द्यायची आणि हा आजार घराण्यातला आहे का, दोन्ही त्यावरून कळतं. केमो आठ आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजे, त्यामुळं ऑन्कोलॉजिस्टची तारीख रिपोर्ट यायच्या आधीच घेऊन ठेवा. हुबळीला नवनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलात, बंगळूरला किदवाईत, मुंबईला टाटात जाणारे आमच्याकडचे लोक आहेत, पण गोळ्या आणि दर तीन आठवड्यांचं सलाईन अशी केमो जवळ होत असेल तर जवळच घ्या, प्रवासानंच माणूस थकतं. आईची तीन महिन्यांची झाली. हात थंड पाण्यात घातले की मुंग्या यायच्या, म्हणून भांडी तेवढे दिवस वहिनीनं घासली.

केमो संपल्यावर वरची पिशवी बंद केली, छोटं ऑपरेशन, पाच दिवसांत घरी. त्याआधी पूर्ण कोलोनोस्कोपी झाली, कारण गाठीमुळं पहिल्यांदा दुर्बीण पलीकडं गेलीच नव्हती, आणि पलीकडं दुसरी गाठ असू शकते. तुमच्या पेशंटची राहिली असेल तर ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत करून घ्याच. पुढं सीईए नावाची रक्ततपासणी दर तीन-सहा महिन्यांनी, सीटी डॉक्टर सांगतील तशी.

आणि पेशंटची सख्खी भावंडं, मुलं यांनी ४० व्या वर्षी, किंवा घरात ज्याला सगळ्यात कमी वयात झाला त्याच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर असेल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. भाऊ ३८ चा आहे, त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. मी ४१ ची, माझी जूनमध्ये झाली. आदल्या रात्री ते खारट पाणी दोन लिटर प्यायले, सकाळी तपासणी अर्ध्या तासात उरकली, आणि एक पॉलिप निघाला, हरभऱ्याएवढा. तिथंच काढला. रिपोर्ट साधा आला, परत तीन वर्षांनी बोलावलंय.